टोर्नेडो आला तर खाली, वणवा आला तर बाहेर

मे महिना लागला की भारतातून आमच्या घरी फोन वाढतात. कुठल्यातरी चॅनेलवर अमेरिकेतलं वादळ दाखवलेलं असतं, खालच्या पट्टीत ओक्लाहोमा नाहीतर कॅन्सस असं काहीतरी आलेलं असतं, आणि मग बार्शीची मावशी, पुण्याचे दीर, नवऱ्याचा कॉलेजचा ग्रुप, सगळ्यांचा एकच सूर, "तुमच्याकडे सगळं ठीक ना गं?" बहुतेक वेळा ते वादळ आमच्यापासून तीन-चारशे मैल लांब झालेलं असतं आणि आम्ही इकडे निवांत चहा पीत बसलेलो असतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा माझा जीव खरंच टांगणीला लागलेला असतो, तेव्हा एकाचाही फोन येत नाही. कारण तेव्हा बातमी टोर्नेडोची (ढगातून जमिनीला टेकणाऱ्या गरगरत्या वाऱ्याच्या सोंडेची) नसते, गवताच्या आगीची असते, आणि गवताची आग म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला वाटतं, पेटवला असेल कुणीतरी बांध, विझेल संध्याकाळपर्यंत.

आम्ही एडमंडला राहतो, ओक्लाहोमा सिटीच्या उत्तरेला लागूनच. इथे येऊन बरीच वर्षं झाली, पोरं इथलीच, त्यामुळे आता सांगायचा थोडाफार हक्क आहे असं समजून लिहितेय. टोर्नेडो आणि वणवा ही इथे दोन वेगळी संकटं नाहीयेत, बऱ्याचदा एकाच दिवशी एकाच वाऱ्याने आणलेली जुळी भावंडं असतात ती. फक्त एक राहतं पूर्वेला आणि दुसरं पश्चिमेला. आणि गंमत म्हणा नाहीतर वैताग म्हणा, एकापासून वाचायला जे करायचं असतं ते दुसऱ्यात केलं तर माणूस मरतो.

आधी जागा समजून घ्या म्हणजे बाकीचं सोपं होईल. ग्रेट प्लेन्स म्हणजे टेक्सासपासून वर डकोटापर्यंत नुसता सपाट प्रदेश, वारं अडवायला मध्ये काहीच नाही. दक्षिणेला मेक्सिकोचं आखात, तिथून गरम दमट हवा वर येते. पश्चिमेला रॉकी पर्वत आणि न्यू मेक्सिकोकडचा वाळवंटी भाग, तिकडची हवा उतारावरून खाली येते आणि येता येता दाबली जाऊन आणखी तापते, आणखी कोरडी होते. ह्या दोन हवा जिथे भिडतात त्या रेषेला इथे ड्रायलाइन म्हणतात. वसंतात ही ड्रायलाइन साधारण दुपारी पूर्वेकडे सरकते आणि रात्री मागे जाते. रेषेच्या पूर्वेला असाल तर जून महिन्यातल्या दादरसारखं अंग चिकचिकतं, आणि तीच रेषा डोक्यावरून सरकून गेली की तासाभरात ओठ फुटायला लागतात, केस उभे राहतात, दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो.

आता पूर्वेच्या बाजूला काय होतं बघा. खाली दमट हवा साठत असते पण तिच्यावर कोरड्या गरम हवेचा एक थर बसलेला असतो, त्याला कॅप म्हणतात, तो खालच्या हवेला दुपारभर वर जाऊ देत नाही. त्यामुळे इथे सगळ्यात वाईट दिवस सकाळपासून छान ऊन पडलेला असू शकतो, आणि मग चार-पाच वाजता कुठेतरी तो थर फुटतो आणि बघता बघता ढग चाळीस-पन्नास हजार फूट उंच जातो. खाली वारा एका दिशेचा, वर दुसऱ्या दिशेचा आणि जास्त जोराचा, म्हणून तो आख्खा ढगच गोल फिरायला लागतो, त्याला सुपरसेल म्हणतात. गारा त्यातूनच, टोर्नेडो पण त्यातूनच. गारा म्हणजे आपल्याकडे द्राक्षबागा झोडपणाऱ्या गारा असतात तेवढ्याच धरू नका, 2010 साली साउथ डकोटात व्हिव्हियन नावाच्या गावात आठ इंच व्यासाची गार पडली होती.

आणि पश्चिमेच्या बाजूला? तिथे ढगच नाही. कडक ऊन, हवेतली आर्द्रता दहा-बारा टक्के, आणि वर जो जोराचा वारा वाहत असतो तो तापलेल्या हवेबरोबर घुसळून सरळ जमिनीवर येतो. जमिनीवर काय, तर थंडीने मरून वाळलेलं कंबरभर गवत. बारीक गवताची गोष्ट अशी की ते तासाभरात वाळतं, म्हणजे सकाळी दव पडलेलं असलं तरी दुपारी ते पेटायला तयार असतं. मग कुठे विजेची तार तुटते, कुठे ट्रेलरची साखळी रस्त्यावर घासून ठिणगी पडते, कुठे कुणी वेल्डिंग करत असतं, आणि संपलं.

एका बाबतीत इथलं गणित आपल्या डोक्याला उलटं वाटतं. आदल्या वर्षी पाऊस चांगला झाला तर पुढच्या मार्चमध्ये आगीचा धोका जास्त. कारण पावसाने गवत माजतं आणि मग ते सगळं वाळून इंधन होऊन उभं असतं. सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्या मुलीला चांगल्या पावसाची भीती वाटावी हे पचायला वेळ लागला.

नॉर्मनला, आमच्यापासून पाऊण तासावर, स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आहे, युनिव्हर्सिटी ऑफ ओक्लाहोमाच्या आवारातल्या नॅशनल वेदर सेंटरच्या बिल्डिंगमध्ये. सगळ्या देशाच्या वादळांचे अंदाज तिथून निघतात. त्यांचे रोजचे दोन नकाशे असतात, एक वादळाचा आणि एक आगीचा. वादळाच्या नकाशात पाच पायऱ्या, मार्जिनल, स्लाइट, एनहान्स्ड, मॉडरेट आणि हाय (मॉडरेट म्हणजे पाचातली चौथी, हे नवीन आलेल्या प्रत्येकाला दोनदा सांगावं लागतं). आगीच्या नकाशात तीन, एलिव्हेटेड, क्रिटिकल आणि एक्स्ट्रीमली क्रिटिकल. मार्च-एप्रिलमधल्या एखाद्या वाईट दिवशी हे दोन नकाशे फोनवर एकापाठोपाठ एक उघडून बघा, रंगाचे दोन पट्टे जवळजवळ एकमेकांना खेटून असतात, पश्चिमेला आगीचा आणि पूर्वेला वादळाचा, आणि मध्ये जी फट दिसते ना ती ड्रायलाइन. इथले लोक वादळाचा नकाशा पाठ करतात. दुसरा कितीजण उघडतात मला शंका आहे.

हे मी उगाच जुळवून सांगत नाहीये. 6 मार्च 2017 ला कॅन्सस, ओक्लाहोमा आणि टेक्सासच्या उत्तर टोकाला आगी लागल्या, कॅन्ससमधल्या ॲशलंड गावाच्या आजूबाजूचा क्लार्क काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) बहुतेक भाग जळाला, टेक्सासमध्ये गुरं सोडवायला गेलेली तीन तरुण माणसं गेली. त्याच दिवशी, हवामानाच्या त्याच सिस्टिममधून, मिझुरीत ओक ग्रोव्हला टोर्नेडो झाला. 15 डिसेंबर 2021 तर कहरच होता. डिसेंबर म्हणजे खरं तर बर्फाचा महिना, आणि त्या एका दिवसात कोलोरॅडोत ताशी शंभर मैलांच्या वर वारा, कॅन्ससमध्ये धुळीचं वादळ आणि चार काउंट्यांत पसरलेला वणवा, पुढे आयोवाकडे शेकडो मैल लांबीची वादळाची भिंत, आणि मिनेसोटात टोर्नेडो, जो त्या राज्यात डिसेंबरात त्याआधी कधी नोंदलाच गेला नव्हता.

आणि मग 14 मार्च 2025. ही तारीख मी विसरणं शक्य नाही कारण त्या दिवशी धुळवड होती. आदल्या दिवशी मी पुरण शिजवलेलं, सकाळी भारतात व्हिडिओ कॉलवर सगळे रंगलेले बघून झाले, मंडळाचा कार्यक्रम काय वीकेंडला असतो त्यामुळे आम्ही इकडे कोरडेच. आगीच्या नकाशावर आमच्या भागावर सगळ्यात वरचा रंग दोन दिवस आधीपासून दिसत होता. सकाळी अकरापर्यंत काहीच नाही. मग वारा सुटला, आणि सुटला म्हणजे थांबेचना, एकेक झोत असा यायचा की खिडकीची काच आत दबल्यासारखी वाटायची. समोरच्यांचा रीसायकलिंगचा डबा रस्त्यावरून गडगडत गेला, मागे कुणाचं तरी ट्रॅम्पोलिन कुंपणावर उलटं पडलं. दुपारी पश्चिमेकडून टेक्सासची धूळ आली आणि आकाश मातकट पिवळं झालं, सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं, एवढा फिक्का. दातात कचकच. दारं-खिडक्या बंद असून ओट्यावर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ बसलेली. त्यात मग उत्तरेकडून दुसरा वास यायला लागला, आणि हा वास धुळीचा नव्हता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या की धूळ आणि धूर एकत्र आले की आग कुठे आहे हे डोळ्याने कळतच नाही. टोर्नेडो असेल तर टीव्हीवर रडार दाखवतात, हेलिकॉप्टरमधून कॅमेरे असतात, कुठल्या गल्लीत किती वाजता येणार हे मिनिटावर सांगतात. त्या दिवशी वाऱ्यामुळे आग विझवणारी विमानं उडू शकत नव्हती, एका वेळी इतक्या ठिकाणी आगी होत्या की कुठली आपली हेच समजेना. फोन सारखा किंचाळत होता, ह्या रस्त्याच्या पश्चिमेचे लोक निघा, त्या रस्त्याच्या दक्षिणेचे निघा, आणि मी नकाशावर बोट ठेवून आपण नक्की कुठल्या बाजूला हे बघतेय. नवऱ्याने तोवर गाडी उलटी लावली, म्हणजे तोंड रस्त्याकडे, पासपोर्ट आणि कागदपत्रांची बॅग आत टाकली, मोठीने मांजर पिंजऱ्यात कोंबलं. आम्हाला निघावं लागलं नाही. आमच्या मुलीच्या क्लासमधल्या एका मैत्रिणीचं घर गेलं.

नंतर आकडे आले. त्या एका दिवसात राज्यात 130 हून जास्त आगी, सुमारे 1,70,000 एकर जळालं, चारशेवर घरांचं नुकसान. स्टिलवॉटर, जिथे ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटी आहे आणि आपली बरीच मराठी पोरं एमएस-पीएचडीला असतात, तिथले मोहल्लेच्या मोहल्ले रिकामे करावे लागले. राज्याचे गव्हर्नर केव्हिन स्टिट यांचं स्वतःचं फार्महाऊस जळालं. त्याच दिवशी कॅन्ससमध्ये आय-70 हायवेवर धुळीत काही दिसेना म्हणून गाड्यांवर गाड्या आदळून आठ माणसं गेली. आणि आम्ही इकडे धूर हुंगत असताना ह्याच सिस्टिमच्या पूर्वेच्या बाजूला रात्री मिझुरी आणि आर्कन्साॅत टोर्नेडो उतरत होते, आर्कन्साॅत त्या रात्रीत दोन ईएफ-4 झाले (टोर्नेडोच्या जोराच्या मोजपट्टीतली सगळ्यात वरच्या ईएफ-5 च्या खालची पायरी). भारतातल्या टीव्हीवर दाखवलं असेल तर ते दाखवलं असेल.

मला जे सांगायचंय ते इथून पुढे. ओक्लाहोमातल्या माणसाच्या अंगात टोर्नेडोची शिस्त मुरलेली आहे. ओक्लाहोमा सिटीच्या भागात हवा चांगली असेल तर दर शनिवारी दुपारी बारा वाजता भोंग्याची टेस्ट होते आणि कुणी मानही वर करत नाही. वॉच म्हणजे परिस्थिती तयार आहे, लक्ष ठेवा, आणि वॉर्निंग म्हणजे आला, लपा, हे पहिलीतलं पोर सांगतं. ही शिस्त फुकट आलेली नाही. 1947 साली वुडवर्ड गावात टोर्नेडोने शंभरावर माणसं मारली तेव्हा आधी सूचना नावाचा प्रकारच नव्हता. पुढच्या वर्षी, 25 मार्च 1948 ला, टिंकर हवाई तळावरच्या फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा टोर्नेडोचा अंदाज दिला आणि तो त्याच दिवशी त्याच तळावर खरा ठरला. तोपर्यंत सरकारी हवामान खातं अंदाजात हा शब्दच वापरू देत नव्हतं, लोक घाबरतील म्हणून. तिथपासून 20 मे 2013 ला ओक्लाहोमा सिटीच्या दक्षिणेला मूर गावात झालेल्या टोर्नेडोपर्यंत या, तेव्हा टोर्नेडो जमिनीला टेकायच्या 16 मिनिटं आधी वॉर्निंग निघाली होती. तरी 24 माणसं गेली, त्यातली सात प्लाझा टॉवर्स शाळेतली मुलं, कारण शाळेत तळघर नव्हतं. ती शाळा परत बांधली तेव्हा शेल्टरसकट बांधली.

आमच्याकडे शेल्टर गॅरेजच्या फरशीत आहे. इथे चिकणमातीमुळे घरांना तळघरं फारशी नसतात, म्हणून फरशी कापून लोखंडी पेटी जमिनीत उतरवतात, वर सरकतं झाकण, आणि झाकणावर आपली गाडी उभी. आत उतरायला अरुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना बाकडी, सगळ्यांचे गुडघे एकमेकांना लागतात. आत पाण्याच्या बाटल्या, पोरांची सायकलची हेल्मेटं, शिट्टी, जुने बूट (वादळानंतर काचा आणि खिळ्यांवरून चालायचं असतं, अनवाणी खाली गेलेली माणसं तिथेच अडकतात), आणि कितीही वेळा झाडलं तरी कोळ्याची जाळी. शेल्टर कुठे आहे ते शहराकडे नोंदवून ठेवायचं, म्हणजे झाकणावर ढिगारा पडला तर शोधणाऱ्यांना कळतं की इथे खाली माणसं आहेत.

आणि हीच पेटी आगीच्या दिवशी सापळा आहे. वर घर पेटलं की धूर खाली येणार, लोखंड तापणार, झाकणावर जळतं छप्पर. आगीत खाली जायचं नाही म्हणजे नाही. पण धोका वाटला की खाली पळायचं हे इथे हाडामांसात गेलेलं आहे. धाकट्याने त्या 14 मार्चला फोन किंचाळला तशी सगळ्यात आधी गॅरेजकडेच धाव घेतली होती, हेल्मेट घालून. त्याचं काय चुकलं, त्याला शाळेत तेच शिकवलंय.

उलटं पण तितकंच खरं. टोर्नेडोत गाडी काढून पळणं किती महागात पडतं ते 31 मे 2013 ला ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेच्या एल रेनो गावाजवळ दिसलं. मूरला नुकतेच दोन आठवडेही झाले नव्हते, लोक धास्तावलेले, त्यात एका टीव्हीवाल्याने दक्षिणेला निघा असं सांगितलं, आणि आय-40, आय-35 वर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये गाड्याच गाड्या, समोर अडीच मैलांहून रुंद टोर्नेडो. जगात नोंदलेला सगळ्यात रुंद. त्यात गेलेले सगळे गाड्यांमध्येच होते. टिम समारास हा टोर्नेडोचा मुरलेला संशोधक, त्याचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग, तिघंही त्यातच गेले. म्हणजे ज्यांचं आयुष्य ह्यात गेलं त्यांनासुद्धा त्याने दगा दिला, तिथे तुमची आमची होंडा काय करणार.

तर एका दिवशी, एका फोनवर, एकाच आवाजाचा अलर्ट, आणि एकदा उत्तर "खाली" तर एकदा उत्तर "बाहेर". हे डोकं शांत असताना ठरवून ठेवलं नाही तर ऐनवेळी पाय सवयीच्याच दिशेने जातात.

वणव्याची चाल टोर्नेडोपेक्षा कळायला अवघड आहे असं माझं मत झालंय. आमच्या शेजारचे आजोबा वायव्य ओक्लाहोमातल्या रँचवर (गुरं पाळायच्या मोठ्या कुरणावर) वाढलेले, त्यांनी मला एकदा ड्राइव्हवेवर खडूने काढून दाखवलं. वारा नैर्ऋत्येचा असतो तोवर आग लांबट निमुळती पळते, पन्नास मैल लांब पण रुंदीला कमी, आणि सगळे तिच्या टोकाकडे बघत असतात. मग मागून थंड हवेचा फ्रंट येतो. लोकांना वाटतं चला, गार झालं, सुटलो. पण फ्रंटबरोबर वारा फिरतो आणि उत्तरेकडून येतो, आणि मग ती पन्नास मैलांची आख्खी बाजू एकदम आगीचं तोंड होते. आजोबांनी खडू आडवा धरून सबंध रेघ एका फटक्यात पुसली. "लोक टोकापाशी मरत नाहीत," ते म्हणाले, "बाजूला उभे राहून बघणारे मरतात."

स्मोकहाऊस क्रीकच्या आगीत नेमकं हेच झालं. 26 फेब्रुवारी 2024 ला टेक्सासच्या उत्तर टोकाला, ज्याला पॅनहँडल म्हणतात, स्टिनेट गावाजवळ सुरू झाली. पहिल्या दिवशी पूर्वेकडे पळाली, 27 तारखेला फ्रंट आला आणि दक्षिणेकडे वळली. एकूण साडेदहा लाख एकरांच्या वर जळालं. मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढा भाग होतो त्याच्या सातपट. टेक्सासच्या इतिहासातली सगळ्यात मोठी. त्या भागातल्या वीज कंपनीने नंतर मान्य केलं की आग लागण्यात त्यांच्या खांब-तारांचा हात असावा. कॅनेडियन नावाचं एक गाव आहे तिथे, छोटंसं, आधी लोकांना निघा सांगितलं आणि मग आगीने रस्तेच बंद झाले म्हणून आहात तिथेच थांबा सांगावं लागलं. म्हणजे "बाहेर" हे उत्तरसुद्धा वेळेत दिलं तरच. अमेरिकेची अण्वस्त्रं जिथे जोडतात-उघडतात तो पँटेक्सचा कारखाना पण पॅनहँडलमध्येच, तिथल्याही बऱ्याच माणसांना त्या संध्याकाळी घरी पाठवलं. हजारो गुरं मेली. आणि 29 तारखेला त्याच जळक्या जमिनीवर बर्फ पडला. चार दिवसांत उन्हाळा, वणवा आणि बर्फ, हे प्लेन्सचं हवामान.

आजोबांचा दुसरा धडा, गाडी आगीत अडकलीच तर काळ्यात घाल. काळं म्हणजे जे जळून गेलंय ते, तिथे परत जळायला काही उरलेलं नसतं. आणि तिसरा, हिरवा गहू शोध. इकडे गहू शरदात पेरतात, मार्चमध्ये आजूबाजूचं सगळं गवत पिवळं असताना गव्हाची शेतं हिरवीगार असतात आणि हिरवा गहू पेटत नाही, म्हणून रँचवाले धूर दिसला की तारा कापून गुरं गव्हात सोडतात. पिकाचं नुकसान कोण बघतो तेव्हा. शहरातल्या आमच्यासारख्यांना ह्यातलं काही कुणी सांगत नाही. अलर्टमध्ये फक्त "निघा" असतं.

आजोबांनी त्यांच्या मागच्या अंगणातली रेड सिडारची झाडं स्वतः करवत घेऊन पाडली. दिसायला सुंदर, बारा महिने हिरवी, पण आतून तेलकट, पेटलं की अख्खं झाड फटाक्यासारखं उडतं आणि निखारे पुढच्या चार घरांवर. पूर्वी ह्या मैदानांत अधूनमधून आग लागायची, इथले मूळचे नेटिव्ह अमेरिकन लोक मुद्दाम लावायचे पण, त्यात ही झाडं रोपातच जळून जायची. नंतर सगळ्यांनी आगी विझवायला सुरुवात केली आणि सिडार माजला. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये अजूनही रँचवाले वसंतात, वारा बेताचा बघून, स्वतः गवत पेटवतात, नवा चारा चांगला येतो आणि सिडारही आटोक्यात राहतो. शहरातले लोक धुराची तक्रार करतात. मला विचाराल तर मी रँचवाल्यांच्या बाजूने.

आपल्याकडे सह्याद्रीत फेब्रुवारीपासून मेपर्यंत वणवे लागतात, ते बहुतेक माणसांनीच लावलेले, गवत चांगलं येतं ह्या समजुतीने नाहीतर बिडी फेकून, आणि वनखातं त्यासाठी जाळरेषा काढतं. इथेही रँचवर नांगराने जमीन उघडी करून असे पट्टे काढतात. पण वाऱ्याचा जोर ताशी साठ-सत्तर मैल असला की निखारे चौपदरी हायवेवरून पलीकडे जातात, तिथे पट्ट्याचं काय चालणार. अशा दिवशी आग विझवत नाहीत, तिच्या वाटेतून माणसं काढतात.

थोडं चांगलं पण सांगते. हवामानाच्या उपग्रहावर आता गवताची आग गरम ठिपक्यासारखी दिसते, कधीकधी 911 ला पहिला फोन जायच्याही आधी, आणि नॉर्मनच्या ऑफिसातले लोक ते राज्याच्या फॉरेस्ट्रीवाल्यांना कळवतात, मग फायर वॉर्निंग निघू शकते. ओक्लाहोमा मेसोनेट आहे, 1994 पासून, प्रत्येक काउंटीत निदान एक तरी हवामानाचं स्टेशन आणि दर पाच मिनिटांनी आकडे. त्यांचं ॲप फुकट आहे. इकडे नवीन येणाऱ्या पोरांना मी क्रिकेट कुठे दिसतं, कोथिंबीर कुठे मिळते ह्याच्या आधी ते टाकायला लावते. मार्चमध्ये आर्द्रता वीसच्या खाली आणि वारा वीस मैलांच्या वर दिसला की गाडीत अर्धी टाकी तरी पेट्रोल ठेवा, फोन सायलेंटवर टाकून झोपू नका, आणि शेजारी एकटं म्हातारं माणूस असेल तर त्याचा नंबर घेऊन ठेवा. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी टोर्नेडोसाठी तळमजल्यावरचं, बिनखिडकीचं बाथरूम कुणाचं आहे ते आत्ताच विचारून घ्या, ऐनवेळी दार वाजवायला लाज वाटते.

आमच्या घरात सध्या वेगळाच वाद चाललाय. मार्चनंतर बघायला गेलो तर जळलेल्या काही गल्ल्यांत आग घराघरांमधल्या लाकडी कुंपणावरून वातीसारखी सरकत गेलेली स्पष्ट दिसत होती, कुंपण जिथे भिंतीला टेकतं तिथून घर पेटलेलं. म्हणून आम्हाला घराला टेकणारा शेवटचा सहा फुटांचा तुकडा लाकडाऐवजी पत्र्याचा करायचाय, बस, तेवढाच. पण आमच्या वसाहतीच्या नियमात कुंपण सिडारच्या लाकडाचंच हवं, रंगसुद्धा ठरलेला. पहिला अर्ज "परिसराच्या सौंदर्याशी विसंगत" म्हणून परत आला. दुसऱ्या अर्जाला नवऱ्याने जळलेल्या कुंपणांचे फोटो जोडलेत आणि आजोबांनी खाली सही केलीय, पुढच्या महिन्याच्या मीटिंगला विषय आहे. नाहीच म्हणाले तर तो तुकडा काढूनच टाकू, कुत्रं नाहीये आमच्याकडे, मांजर काय कुंपण बघून थांबणार आहे का.